लिस्बनला गेलात आणि हातात एकच मोकळा दिवस असला, तर आधी वारा कुठून येतोय ते बघा

जुलैमधला एखादा दिवस धरा. लिस्बन शहरात सकाळी दहालाच ऊन तापलंय. तिथून २८ किलोमीटरवर सिंत्राच्या डोंगरावर मात्र धुकं इतकं दाट की पेना राजवाड्याच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला समोरचा पिवळा बुरूजही नीट दिसत नाही. दुपारी गिंशोच्या किनाऱ्यावर वारा असा सुटतो की उडणारी वाळू पायांना टोचते, टॉवेल अंथरायची सोय नाही. आणि त्याच दुपारी नदीपलीकडे आराबिदाच्या किनाऱ्यावर पाणी तळ्यासारखं शांत असतं.

ही चारही ठिकाणं एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तारीख तीच, देश तोच, हवामान चार प्रकारचं.

पोर्तुगालच्या राजधानीत तीन-चार दिवस मुक्काम करणारा जवळपास प्रत्येक पर्यटक एक दिवस शहराबाहेर काढतो. कुठं जायचं हे बहुतेक जण रील बघून ठरवतात. रीलमध्ये आकाश कायम निळं असतं, रांग दिसत नाही आणि वाऱ्याचा आवाज तर गाण्याखाली दबलेला असतो. मग व्हिसा, विमानाचं तिकीट, हॉटेल असा सगळा खर्च करून गेलेला माणूस धुक्यात उभा राहून मोबाईलमध्ये तोच राजवाडा शोधत बसतो.

म्हणून आज यादी देण्याऐवजी हा सगळा प्रकार असा का घडतो ते समजून घेऊ. कारण एकदा कळलं की कुठल्या दिवशी कुठं जायचं हे ठरवायला फार डोकं लागत नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा

लिस्बनला आपण समुद्रकाठचं शहर म्हणतो, पण मूळ शहर वसलंय टेगस नदीच्या मुखाशी. पोर्तुगीज लोक तिला तेजू म्हणतात. खरा अटलांटिक महासागर लागतो पश्चिमेला, काश्काइश गावाच्या पुढं. शहराच्या वायव्येला सिंत्राचा डोंगर. दक्षिणेला, नदी ओलांडून सुमारे ४० किलोमीटरवर, आराबिदाची डोंगररांग.

सिंत्राला जायला रोसियो स्टेशनवरून लोकल, वेळ साधारण ४० मिनिटं. काश्काइशला जायला काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल, वेळ जवळपास तेवढाच. भाडं एका वेळचं दोन-अडीच युरोच्या आसपास. मुंबईकराला हे दोन्ही प्रवास घरचे वाटतील. गंमत म्हणजे रुळांचं मापही आपल्या जवळचं आहे. भारतातल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, तर पोर्तुगाल-स्पेनच्या रुळांची १६६८. फरक फक्त ८ मिलिमीटरचा. बाकीच्या युरोपात मुख्यतः १४३५ मिलिमीटरचे रूळ चालतात.

सिंत्रात धुकं का असतं?

आंबोली किंवा महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळेल. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगराला धडकते, वर चढते, चढताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. सिंत्राचा डोंगर ग्रॅनाइटचा. उंची म्हणाल तर जेमतेम ५२८ मीटर, म्हणजे आंबोलीपेक्षाही कमी. पण तो अटलांटिकच्या अगदी तोंडाशी एकटाच उभा आहे. पश्चिमेकडून येणाऱ्या हवेला त्याच्या आधी दुसरा अडथळाच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आजूबाजूचा प्रदेश करपलेला असतो आणि या डोंगरावर शेवाळ, नेचे, मोठमोठी झाडं हिरवीगार असतात.

याच गारव्यासाठी पोर्तुगालचे राजे उन्हाळ्यात इथं यायचे. गावातल्या जुन्या राजवाड्याची दोन शंकूच्या आकाराची धुराडी लांबूनच दिसतात. ती स्वयंपाकघराची आहेत आणि ३३ मीटर उंच आहेत. थोडक्यात, ज्या धुक्याला पर्यटक शिव्या देतात, त्या धुक्यामुळेच हे राजवाडे इथं आहेत.

आता तो प्रसिद्ध लाल-पिवळा पेना राजवाडा. डोंगरमाथ्यावर आधी एक मठ होता. १७५५ च्या भूकंपात त्याची बरीच पडझड झाली. १८३८ मध्ये राणी मारिया दुसरी हिचा नवरा फर्डिनांड दुसरा याने ते अवशेष विकत घेतले आणि तिथं स्वप्नातला वाटावा असा राजवाडा बांधून घेतला. फर्डिनांड मूळचा जर्मन घराण्यातला. बांधकाम ज्याच्याकडं दिलं तो बॅरन फॉन एश्वेगेही जर्मनच, आणि तो मुळात खाणींचा इंजिनिअर होता. घुमट, मनोरे, कमानी, सगळ्या शैलींची खिचडी त्यामुळेच झाली असावी. ज्या रंगांसाठी आज जग तिथं धावतं, ते मधल्या काळात इतके उडाले होते की अनेक वर्षं लोक हा राजवाडा राखाडीच समजत होते. विसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तो पुन्हा मूळ रंगांत रंगवला गेला.

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात ते वेळेच्या बाबतीत. राजवाड्याच्या आतल्या दालनांचं तिकीट ठराविक वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराशी पोहोचण्याची असते, खालच्या बागेच्या फाटकाशी पोहोचण्याची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढ आहे, अर्धा तास धरूनच चालायचं. स्टेशनवरून वर नेणाऱ्या ४३४ नंबरच्या बसला रांग असते. डोंगरावरच्या अरुंद रस्त्यांवर खासगी गाड्यांना निर्बंध आहेत, त्यामुळे भाड्याची कार घेऊन गेलात तर ती खाली ठेवूनच वर जावं लागतं. अकराचं तिकीट काढून दहाला स्टेशनवर उतरलेला माणूस बहुतेक वेळा उशिरा पोहोचतो आणि उशीर झाला की तिकीट वाया. लिस्बनहून सकाळी आठच्या आत निघणं हाच यावरचा साधा उपाय. गर्दीला फक्त पर्यटकच कंटाळलेत असं नाही. गावात राहणाऱ्यांनीही गेल्या काही वर्षांत याविरुद्ध उघडपणे आवाज उठवलाय, कारण त्यांना स्वतःच्या घरी पोहोचायलाही त्याच रस्त्यावर अडकून पडावं लागतं.

दुसरं रीलस्टार ठिकाण म्हणजे क्विंटा दा रेगालेरामधली गोल जिन्याची विहीर. ब्राझीलमध्ये जन्मलेला करोडपती कार्व्हाल्यू मोंतेरू याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन वास्तुरचनाकार लुईजी मानिनीकडून ही बाग करून घेतली. विहीर २७ मीटर खोल आहे, पण ती पाण्यासाठी कधी बांधलेलीच नव्हती. वरून उतरायचं, तळाशी पोहोचायचं आणि भुयारातून बाहेर पडायचं, असा गूढ दीक्षाविधीचा तो देखावा आहे. दिसते सुंदर, वादच नाही. पण साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर बघितलेल्या माणसाने इथं तास-दीड तास रांगेत घालवावा का, याचं उत्तर मी नाही असंच देईन.

मग सिंत्रात बघायचं काय? इथं आपला संबंध येतो

डोंगराच्या आतल्या भागात काप्पूशूश नावाचा छोटा मठ आहे. पेनाच्या मानानं इथं गर्दी फारच कमी. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या शिळांच्या फटींत, झाडांखाली लपलेल्या इवल्याशा खोल्या. दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं. थंडी आणि ओल अडवायला दारांना, भिंतींना, छताला बुचाच्या झाडाची साल लावलेली. आपण बाटलीला लावतो तेच बूच. जगातलं जवळपास निम्मं बूच आजही पोर्तुगालमधून येतं.

हा मठ १५६० मध्ये आल्वारो दी कास्त्रो याने बांधला, वडिलांनी केलेला नवस फेडण्यासाठी. त्याचे वडील म्हणजे जुआंव दी कास्त्रो, गोव्याचा व्हाइसरॉय.

हा गडी जरा वेगळा होता. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवकडे जाताना त्याने कोकण किनाऱ्याची सविस्तर नोंदवही लिहिली. खाड्या, बंदरं, खडक, पाण्याची खोली, सगळं टिपलं. घारापुरीची लेणी बघून तो थक्क झाला आणि त्यांचं वर्णनही त्याने लिहून ठेवलं. पुढं १५४६ मध्ये दीवच्या किल्ल्याचा वेढा त्याने उठवला. पण किल्ला पार ढासळला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. तेव्हा त्याने गोव्याच्या नगरपालिकेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि दाढी परत पाठवली, अशी ती प्रसिद्ध गोष्ट. १५४८ मध्ये तो गोव्यातच वारला.

त्याची सिंत्रामधली बाग म्हणजे पेन्या व्हेर्दे. ती खासगी मालमत्ता आहे, कधीही गेलं आणि आत शिरलं असं होत नाही. पण तिथं एक दगड पोहोचला होता तो थेट सोमनाथहून. त्यावर वाघेला राजा सारंगदेव याच्या काळातला, इसवी सन १२८७ चा संस्कृत लेख कोरलाय. अभ्यासकांमध्ये तो ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणूनच ओळखला जातो. गुजरातच्या मंदिराचा इतिहास सांगणारा लेख आणि त्याला नाव पोर्तुगालच्या गावाचं!

सिंत्रा गावापासून थोडं पश्चिमेला मॉन्सेरातेची बाग आहे. गोव्याशी नातं असलेल्या मेलो ए कास्त्रो घराण्याकडं ती एकेकाळी होती. पुढं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस कुक या श्रीमंत इंग्रज व्यापाऱ्याने तिथं आजचा महाल बांधला. महालाच्या आतलं जाळीकाम बघताना आपल्याकडच्या वास्तूंची आठवण येते, आणि बागेतल्या वाटेवर १८५७ च्या उठावानंतर भारतातून आणलेली एक दगडी कमान उभी आहे. बोलायचंच झालं तर पेनाच्या गच्चीवरचा एक तास आणि मॉन्सेरातेतला एक तास यात मी मॉन्सेराते निवडेन. तिथं धुकं आलं तरी बिघडत नाही, बाग धुक्यात जास्तच चांगली दिसते.

सिंत्राबद्दल एक गोष्ट मात्र गंभीर. उन्हाळ्यात वणव्याचा धोका टोकाला गेला की प्रशासन डोंगरावरचा प्रवेशच बंद करतं. पेना, काप्पूशूश, मॉन्सेराते, सगळं बंद. पर्यटकांना वाटतं की आकाश निरभ्र आहे, आग कुठं दिसत नाही, मग हा काय चावटपणा? या सावधगिरीमागं १९६६ आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये या डोंगराला लागलेला वणवा विझवायला गेलेले २५ सैनिक आगीत सापडून मेले. वाट अरुंद, झाडी दाट आणि वारा दिशा बदलणारा. अशा डोंगरावर हजारो पर्यटक असताना आग लागली तर त्यांना उतरवणार कसं, हा प्रश्न आहे. म्हणून कडक उन्हाळ्यात निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्याच सकाळी डोंगर खुला आहे का हे बघायचंच.

काबो दा रोका : कठड्याच्या अलीकडे

सिंत्राहून किंवा काश्काइशहून बसने जाता येणारं काबो दा रोका हे युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं सर्वात पश्चिमेकडचं टोक. तिथं एक दीपगृह आहे, क्रॉस असलेला दगडी खांब आहे, त्यावर पोर्तुगालचा महाकवी कामोइंश याच्या शब्दांचा शिलालेख आहे. वास्को द गामाच्या सफरीवर महाकाव्य लिहिणारा हा कवी स्वतः काही वर्षं गोव्यात राहिला होता. ‘मी युरोपच्या टोकाला येऊन गेलो’ असं प्रमाणपत्रही तिथं पैसे भरून मिळतं. घ्यायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

कडा सुमारे १४० मीटर उंच आहे. म्हणजे पंचेचाळीस मजली इमारतीएवढा. कडेला लाकडी कठडा आहे आणि तो ओलांडून गेल्याशिवाय ‘तो’ फोटो मिळत नाही असं लोकांना वाटतं. ऑगस्ट २०१४ मध्ये पोलंडचं एक जोडपं इथंच सेल्फी काढताना खाली कोसळलं. त्यांची दोन लहान मुलं तिथंच उभी होती.

हा केवळ निष्काळजीपणाचा प्रश्न नाही, जागाच फसवी आहे. कड्यावर जाड, रसाळ पानांची एक वेल गालिच्यासारखी पसरलीय. तिला पिवळी-गुलाबी फुलं येतात, फोटोत फार सुंदर दिसते. मूळची दक्षिण आफ्रिकेतली ही वनस्पती पोर्तुगालमध्ये आता उपद्रवी ठरलीय. तिच्यावर पाय पडला की पानं चिरडतात, आतलं पाणी बाहेर येतं आणि पाय सटकतो. शिवाय तिच्याखाली जमीन कुठं संपते ते कळतच नाही. त्यात वारा. सरळ अंगावर येणारा वारा एकवेळ परवडला, पण कड्यापाशी तो झोत मारतो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा झोत मारतो. वाऱ्याला रेलून उभ्या राहिलेल्या माणसाचा तोल तो थांबल्यावर जातो. कठड्याच्या आतून दिसणारा समुद्र तेवढाच मोठा आहे.

काश्काइश, आणि समुद्र इतका थंड कसा?

काश्काइशची लोकल हा लिस्बनमधला सगळ्यात स्वस्त आणि छान निसर्गप्रवास. जाताना डावीकडची खिडकी धरायची. आधी नदी, मग बेलेमचा परिसर, मग हळूहळू नदीचा समुद्र होतो. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजं याच किनाऱ्यावरून निघाली आणि पुढल्या वर्षी मे महिन्यात कालिकतला पोहोचली.

काश्काइश हे मूळ कोळ्यांचं गाव. १८७० मध्ये राजा लुईश पहिला याने तिथल्या किल्ल्यात उन्हाळी मुक्काम सुरू केला आणि मागोमाग सगळे श्रीमंत आले. शेजारच्या एश्तोरिलच्या कॅसिनोत दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंचे हेर बसायचे, कारण पोर्तुगाल तटस्थ होता. जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग १९४१ मध्ये इथं येऊन गेला होता.

पण आपला माणूस इथं समुद्रात पाय घालतो आणि किंचाळतो. बाहेर ३० अंश आणि पाणी ऑगस्टमध्येही १७ ते १९ अंशांच्या घरात. कोकणातल्या वर्षभर कोमट समुद्राची सवय असलेल्याला हा धक्काच असतो.

कारण पुन्हा वारा. उन्हाळ्यात पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला तिथं ‘नोर्ताडा’ म्हणतात. वारा पाण्याला दक्षिणेकडे ढकलतो, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ते पाणी उजवीकडे वळतं. इथं उजवीकडे म्हणजे पश्चिमेला, किनाऱ्यापासून दूर. वरचं उन्हानं तापलेलं पाणी असं निघून गेलं की त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार पाणी वर येतं. म्हणजे उन्हाळा जितका वाऱ्याचा, तितका समुद्र थंड.

या थंड पाण्याबरोबर तळातली पोषकद्रव्यंही वर येतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यावर मासे. लिस्बनमध्ये जून महिन्यात सेंट अँथनीच्या सणाला गल्लोगल्ली कोळशावर भाजले जाणारे सार्डिन, म्हणजे आपली तारली, या थंड पाण्याचीच देणगी. भारताच्या नैऋत्य किनाऱ्यावर पावसाळ्यात असंच तळाचं पाणी वर येतं, आणि तिकडंही त्याचा संबंध तारलीशीच आहे.

काश्काइशच्या पुढं काही किलोमीटरवर गिंशो. नोर्ताडा इथं सरळ धडकतो, म्हणून विंडसर्फिंगवाल्यांची ही पंढरी. पोहायला आणि निवांत लोळायला आलेल्यांसाठी मात्र उन्हाळी दुपारी हे चुकीचं ठिकाण. सकाळी लवकर किंवा वारा पडलेल्या दिवशी जा, मग त्यासारखा किनारा नाही.

जाता जाता, सिंत्रा आणि समुद्राच्या मध्ये कोलारेश नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षवेलींची मुळं खाऊन बागा संपवल्या. मग युरोपने अमेरिकन खुंटावर कलमं करायला सुरुवात केली. आपले नाशिक-सांगलीचे बागायतदार वेगळ्या कारणांसाठी का होईना, पण डॉगरीजच्या खुंटावर कलम करतातच. कोलारेशच्या वेली मात्र वाळूत लावलेल्या होत्या आणि वाळूत ती कीड जगत नाही. त्यामुळे तिथल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

वारा जोरात असेल तर नदी ओलांडा

आराबिदाची डोंगररांग चुनखडीची, पूर्व-पश्चिम पसरलेली. उंची साधारण ५०० मीटर, म्हणजे सिंत्राएवढीच. पण तिचे किनारे दक्षिणेच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून आहेत. उत्तरेकडून येणारा नोर्ताडा डोंगराच्या पाठीवर अडतो आणि खाली पोर्तिन्यूसारख्या किनाऱ्यांवर शांतता असते. पाणी इथंही गार आहे, पण नितळ हिरवं-निळं आणि लाटा नाहीत. लहान मुलं किंवा आई-वडील बरोबर असतील तर समुद्रासाठी हीच दिशा धरावी.

जायला लिस्बनहून सेतुबलची लोकल. ती टेगसवरच्या लाल झुलत्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून जाते. हा पूल १९६६ मध्ये उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. गोवा भारताने १९६१ मध्ये मुक्त केला तरी तो आमचाच म्हणत बसलेला तोच सालाझार. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, पुलाचं नाव ‘२५ एप्रिल’ झालं आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोव्यात आजी-आजोबा असलेल्यांनी हा पूल ओलांडताना खिडकीबाहेर बघायला हरकत नाही.

सेतुबलहून उन्हाळ्यात किनाऱ्यांकडे बस जातात. खासगी गाड्यांना तिथल्या रस्त्यावर उन्हाळ्यात निर्बंध असतात, हे कार घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. सेतुबलच्या खाडीत डॉल्फिनचा एक कळप कायमचा राहतो, संख्या जेमतेम दोन-तीन डझन, आणि बोटीतून ते दाखवतात. जेवायला तळलेली कटलफिश मागवा, हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं.

वाटेत आझैतांव गावाजवळ बाकाल्योआ नावाची हवेली आहे. १५२८ मध्ये ती विकत घेणारा ब्राश हा गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो दे अल्बुकर्कचा मुलगा. तोच अफोन्सो, ज्याच्या नावावरून आपला हापूस आला असं मानतात. हवेलीतल्या तलावाकाठची रंगीत फरशीची चित्रं पोर्तुगालमधल्या सर्वात जुन्या नमुन्यांपैकी आहेत.

आणि रांगेच्या पश्चिम टोकाला काबो एश्पिशेल. इथल्या कड्यावर मोठाल्या पावलांचे ठसे दिसतात. जुन्या लोकांची श्रद्धा अशी की मेरी मातेला पाठीवर घेऊन एक खेचर समुद्रातून हा कडा चढून वर आलं, त्याच्या खुरांचे हे ठसे. प्रत्यक्षात ते ज्युरासिक काळातल्या लांब मानेच्या डायनासोरच्या पावलांचे आहेत. ते चालले तेव्हा जमीन सपाट चिखलाची होती, नंतर थर तिरके उचलले गेले, म्हणून ठसे कडा चढल्यासारखे वाटतात. काबो दा रोकाच्या मानाने इथं गर्दी नगण्य.

नाझारेची लाट जुलैमध्ये शोधू नका

उत्तरेकडे सुमारे १२० किलोमीटरवरचं नाझारे हे राक्षसी लाटांसाठी व्हायरल झालेलं गाव. २९ ऑक्टोबर २०२० रोजी जर्मनीचा सेबास्टियन स्टॉइट्नर इथं २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवर स्वार झाला. एवढ्या मोठ्या लाटा इथंच येतात, कारण समुद्राच्या तळाशी दोनशे किलोमीटरहून लांब अशी एक घळ थेट गावाच्या तोंडापर्यंत येते. उथळ पाण्यात लाटेचा जोर तळाशी घासून कमी होतो, पण घळीतून येणारी लाट जोर न गमावता पोहोचते आणि बाजूच्या उथळ भागातून येणाऱ्या लाटेला मिळून उंच होते.

पण त्यासाठी दूर अटलांटिकमध्ये मोठं वादळ लागतं, आणि त्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. हंगामातही रोज लाट असते असं नाही. जुलैमध्ये गेलात तर गर्दीचा एक साधा किनारा बघाल. लिस्बनहून फातिमा, नाझारे आणि ओबिदूश अशी तिन्ही गावं एका दिवसात दाखवणाऱ्या बस मिळतात, त्यात प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास वाट्याला येतो. त्यापेक्षा तटबंदीचं एकटं ओबिदूश, बसने साधारण तासाभराचं, जास्त समाधान देईल. १२८२ मध्ये राजा दिनिशने हे गाव आपल्या राणीला लग्नात भेट दिलं होतं. चॉकलेटच्या कपात मिळणारी चेरीची दारू ही तिथली खासियत.

मग दिवस कसा ठरवायचा?

लिस्बनमध्ये पोहोचल्यावर मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज उघडा. शहराचा नको, काबो दा रोकाचा बघा. उत्तरेचा वारा जोरात असेल तर आराबिदा. वारा पडलेला असेल तर काश्काइश, गिंशो आणि संध्याकाळी काबो दा रोका. सिंत्राचा डोंगर ढगात असेल आणि पेनाचं तिकीट अजून काढलं नसेल तर मॉन्सेराते, काप्पूशूश किंवा गावातला जुना राजवाडा. तिकीट आधीच काढलं असेल तर जा, धुकं कधी कधी दुपारपर्यंत विरळ होतं, पण हमी नाही. मोठ्या किनाऱ्यांवरचे थेट कॅमेरे इंटरनेटवर फुकट बघता येतात, निघण्याआधी दोन मिनिटं त्यावर घालवा.

आणि पिशवीत जॅकेट ठेवा, जुलै असला तरी. लिस्बनच्या हॉटेलातून निघताना स्वतःलाच वेड्यासारखं वाटेल. काबो दा रोकाच्या बसथांब्यावर संध्याकाळी सातच्या वाऱ्यात परतीच्या गाडीची वाट बघताना ते अंगात असलेलं बरं.